ग्रॅनाइटखालचं सिंक: पावसाळा आणि दिवाळी काढल्यानंतरचा अनुभव

ओट्याचं काम काढलं तेव्हाच अंडरमाउंट, म्हणजे ओट्याच्या दगडाला खालून बसवायचं सिंक घ्यायचं ठरलं होतं. वरून बसवलेल्या सिंकच्या काठाशी साचणारा काळा मळ खरवडून वीट आला होता. आता पुरता पावसाळा आणि दिवाळीचा फराळ या सिंकने पाहिलाय, म्हणून लिहिते.

सिंक २४ बाय १८ इंची, ३०४ ग्रेडच्या स्टीलचं, ९ इंच खोल. वर १८ मिमी ग्रॅनाइट, खाली दोन्ही बाजूंना कडप्प्याचे उभे पाट. मिस्त्री म्हणाले, "ताई, इपॉक्सी लावतो, जन्मात हलणार नाही." त्यांचं काम सुबक होतं, पण इथे मी अडून बसले. आतलं भांडं २२ बाय १६ धरलं तरी काठोकाठ भरल्यावर ५० लिटर पाणी मावतं, म्हणजे ५० किलो. वर कुकर, पातेली, कढई. एवढं ओझं दगडाच्या पोटाला नुसत्या इपॉक्सीच्या गमने लटकवायचं मला पटेना. आमच्याच इमारतीत एका घरी तसं केलं होतं. एक बाजू हळूहळू खाली बसली, फटीतून पाणी झिरपलं आणि ट्रॉलीचं प्लायवूड फुगून दार लागेनासं झालं.

म्हणून सिंकच्या काठाखाली स्टेनलेसच्या एल अँगलची चौकट करून घेतली. तिची टोकं दोन्ही कडप्प्यांत नट-बोल्टने आवळली. कडप्पा परतदार दगड, स्क्रूचा प्लग ठोकला की पापुद्रा सुटतो. त्यामुळे ड्रिलचं हॅमर बंद ठेवून आरपार भोक पाडलं आणि मागून रुंद वायसर लावले. ग्रॅनाइटला खालून एकही भोक नाही. वजन सगळं चौकटीवर, सिलिकॉनचं काम फक्त पाणी अडवायचं.

सिलिकॉनमध्ये मात्र काटकसर करू नका. लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ते आम्लाचं. संगमरवर आणि कडप्पा चुन्याच्या जातीचे दगड, त्यांना ते बाधतं. दगडासाठी न्यूट्रल सिलिकॉनच मागून घ्यायचं. आणि लावण्याआधीची सफाई उभं राहून करून घ्या. कटिंगच्या वेळचा राखाडी चिखल ग्रॅनाइटच्या खालच्या बाजूला सुकून बसलेला असतो. बोट फिरवलं की पावडरीसारखा हाताला लागतो. त्याच्यावर सिलिकॉन लावलं तर ते दगडाला नाही, त्या पावडरीला चिकटतं. आम्ही ओल्या फडक्याने पुसून रात्रभर वाळू दिलं, मग स्टीलचा काठ थिनरने पुसला. सिलिकॉन बाहेरून आत घट्ट होत जातं, दिवसाला २-३ मिमी. रुंद थराला वेळ द्यावाच लागतो. तोवर भांडी मोरीत घासली. घरात कुरकुर झाली, पण नळ उघडू दिला नाही.

इपॉक्सीपेक्षा सिलिकॉन का, तर उकळतं पाणी. आमच्याकडे बटाटे, शेवया, भात यांचं उकळतं पाणी थेट सिंकमध्ये ओततात. ३०४ स्टील गरम झाल्यावर ग्रॅनाइटच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. कडक इपॉक्सी त्या रोजच्या ओढाताणीत एके दिवशी सुटतं. सिलिकॉन रबरासारखं ताणून घेतं.

दगडाची कड सिंकच्या भिंतीशी अगदी एका रेषेत ठेवायला लावली होती, ते फार उपयोगी पडलं. दगड पुढे आला तर त्याच्या पोटाखाली बुळबुळीत थर धरतो आणि चाचपल्याशिवाय कळत नाही. मागे गेला तर स्टीलचा काठ उघडा पडून त्यावर खरकटं बसतं.

वापरात सगळ्यात मोठं सुख म्हणजे ओटा पुसणं. पीठ, पाणी, भाजीची देठं, सगळं हाताने सरळ सिंकमध्ये लोटता येतं. फराळाच्या दिवसांत याची किंमत कळली.

उणं म्हणाल तर दोन गोष्टी आहेत. कुकर आपटून ग्रॅनाइटच्या कडेची बारीक कपची उडाली. कड धारदार न ठेवता गोल घासून घेणं उत्तम. आणि पावसाळ्यात मागच्या कोपऱ्यात सिलिकॉनवर काळे ठिपके आले. रात्री कोरडं पुसून ठेवायला लागल्यापासून वाढलेले नाहीत. सिंकच्या पुढची ग्रॅनाइटची पट्टी जेमतेम ३ इंचांची उरते, ओट्यात सगळ्यात नाजूक जागा तीच. तिच्यावर खलबत्ता ठेवून कुटू नका आणि मुलांना बसू देऊ नका.

दिवाळीनंतर ट्रॉली बाहेर काढून बॅटरीच्या उजेडात खालून पाहिलं. सांध्यावर कोरडा टिश्यू फिरवला, ओल नाही. एक बोल्ट किंचित सैल होता, तो पान्याने आवळला. उद्या सिंक बदलायचं झालं तरी बोल्ट सोडायचे, सिलिकॉन पातळ सुरीने कापायचं आणि खालून काढून घ्यायचं. ग्रॅनाइटला हात लावावा लागणार नाही.