सावलीतल्या कुंड्या: कॅलेडियम घ्यावं की ॲग्लोनेमा?

उत्तरेकडची गॅलरी, सकाळचं तासभर ऊन आणि जागा चार-पाच कुंड्यांची. जळगाव-भुसावळकडच्या अशा घरात रंगीत पानांची हौस असेल, तर निवड बहुधा या दोघांतच अडते. रोपवाटिकेत दोन्ही सारखीच देखणी दिसतात. फरक कळतो डिसेंबरात.

मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, म्हणून आपण सगळी काळजी उन्हाळ्याचीच करतो. पण थंडीत केळीवर चरका पडतो, म्हणजे गारठ्याने तिला इजा होते, हे तापीकाठच्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. ॲग्लोनेमा तर केळीपेक्षाही नाजूक. रात्रीचं तापमान १५ अंशांखाली राहू लागलं की त्याच्या पानांवर काळपट, तेलकट डाग उठतात आणि ती पानं पुन्हा सुधारत नाहीत. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत कुंडी रात्री घरात हवी. पाणी उन्हं वर आल्यावर, तेही वरची माती वाळली असेल तरच. एवढं जपलं की ते बारा महिने भरलेलं राहतं.

कॅलेडियमचं चक्र वेगळं. दिवाळीनंतर त्याची पानं पिवळी पडून माना टाकतात. पहिल्या वर्षी रोप मेलं असं समजून मी कुंडी उकिरड्यावर ओतली; आतले कंद जिवंत होते, त्याची हळहळ अजून वाटते. पानं गळू लागली की पाणी कमी करत थांबवायचं आणि कुंडी तशीच कोरडी, घरातल्या कोपऱ्यात ठेवायची. कंद काढून, आठवडाभर सावलीत सुकवून कोरड्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुश्यात) ठेवले तरी चालतं. मे संपता संपता दोन इंच खोल लावून पाणी सुरू करायचं. पावसाळ्याच्या दमट हवेत पानं भराभर मोठी होतात. म्हणजे थंडी आणि एप्रिल-मेच्या झळा, दोन्ही तो झोपेतच काढतो. खान्देशासाठी मला म्हणूनच कॅलेडियम उजवं वाटतं. सहा महिने रिकामी कुंडी पाहवणार नसेल, तर मात्र ॲग्लोनेमाच घ्या.

कुंडी ॲग्लोनेमाला मातीचीच द्या. प्लास्टिकमध्ये ओल साचून थंडीत मुळं कुजतात. उन्हाळ्यात मातीच्या कुंडीला पाणी जास्त लागतं, तेवढं सोसावं.

दोन्ही झेपणार नसतील तर स्नेक प्लांट आहेच. थंडीत त्याला तीन आठवड्यांतून एकदा पाणी पुरतं. हॉस्टाची रोपं ऑनलाइन दिसतात, त्या फंदात पडू नका. त्याला हिवाळ्यात कित्येक आठवडे कडाक्याची थंडी लागते, ती इथे मिळत नाही.

घरात रांगतं मूल असेल तर विचार बदलावा लागेल. कॅलेडियम आणि ॲग्लोनेमा, दोन्हींची पानं चावली की तोंड-घसा चुरचुरून सुजतो. अशा घरी टांगत्या कुंडीतलं बोस्टन फर्न बरं. थंडी ते सोसतं, पण एप्रिलच्या कोरड्या वाऱ्यात कडांनी करपतं. त्या दिवसांत ते कूलरच्या खोलीत ठेवा, फक्त टाकीत उरलेलं क्षारांचं पाणी त्याला घालू नका.