राऊटर हॉलमध्ये, नॅस आतल्या खोलीत: डेकोची जोडी घ्यावी की पॉवरलाइन?

फायबरवाला येतो, दारावरून वायर आत घेतो आणि समोर दिसेल त्या भिंतीवर ओएनटी (फायबरचा डबा, बहुतेक घरांत हाच राऊटर) ठोकून जातो. बहुतेक घरांत ती भिंत हॉलमधली, टीव्हीशेजारची. नॅसला, म्हणजे घरच्या नेटवर्कवर फायली साठवणाऱ्या हार्डडिस्कच्या पेटीला, मात्र हॉल मानवत नाही. तिथे कूलरचा ओलसर वारा असतो, रस्त्याची धूळ असते आणि रात्री हार्डडिस्कची खरखर ऐकू येते. वरच्या मजल्यावर ठेवावं तर उन्हाळा आडवा येतो. घरगुती नॅससाठी कंपन्या भोवतालच्या हवेची मर्यादा साधारण ४० अंश सांगतात. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे बाहेरच पारा त्याच्या वर असतो, मग स्लॅबखालच्या बंद खोलीत काय होत असेल ते सांगायला नको. म्हणून नॅसची योग्य जागा म्हणजे तळमजल्यावरची आतली, सावलीची खोली. राऊटर आणि ही खोली यांच्यात दोन भिंती आणि दहा-पंधरा मीटर अंतर, आणि घरभर केबल ओढायची कुणाचीच तयारी नाही. या परिस्थितीत बाजारात मिळणारे पर्याय कितपत उपयोगी पडतात, त्याचं हे परीक्षण.

निकाल आधीच सांगतो. बहुतेक घरांसाठी टीपी-लिंकच्या डेको एम४ ची दोन युनिटांची जोडी (एकमेकांशी हवेतून जोडली जाणारी मेश वाय-फाय युनिटं), किंवा बजेट असेल तर वाय-फाय ६ ची एक्स२० वा एक्स५०. पॉवरलाइन अडॅप्टर (घराच्या विजेच्या तारेतून डेटा नेणारे) फक्त वायरिंग अनुकूल असेल तरच. नॅसला यूएसबी वाय-फाय डोंगल लावण्याचा विचार सोडून द्या. नॅस बनवणाऱ्या सिनॉलॉजीने तर आपल्या डीएसएम ७ या प्रणालीपासून डोंगलचा आधारच काढून टाकला आहे, त्यामुळे जुन्या व्हिडिओत बघून डोंगल विकत घेणाऱ्याचे पैसे वाया जातात.

पण पैसे खर्च करण्याआधी एक फुकटचा उपाय तपासा. फायबरची ड्रॉप वायर बारीक असते, कॅट ६ केबलपेक्षा सहज लपते. नवीन कनेक्शन घेताना किंवा घर बदलताना फायबरवाल्याला आतल्या खोलीपर्यंत वायर आणायला सांगा, ओएनटी नॅसशेजारी बसवा आणि वाय-फायसाठी हॉलमध्ये एक मेश युनिट ठेवा. नॅस आणि राऊटर यांच्यात एक मीटरची केबल, विषय संपला. फक्त ओएनटीचे पोर्ट बघून घ्या: अनेक ओएनटींवर एकच पोर्ट गिगाबिट असतो आणि बाकीचे १०० एमबीपीएसचे. नॅस चुकीच्या पोर्टात गेलं की वेग दहापट पडतो.

या दहापटीचा अर्थ आकड्यांत बघू. गिगाबिट म्हणजे १००० एमबीपीएस; एमबीपीएस म्हणजे सेकंदाला मेगाबिट, एमबी म्हणजे मेगाबाइट, आणि एका बाइटचे आठ बिट. गिगाबिट केबलवर नॅस प्रत्यक्षात ११० एमबी प्रति सेकंदाच्या आसपास देतं. १०० एमबीपीएसच्या पोर्टवर तेच ११ वर येतं. लग्नाच्या शूटिंगचा ५० जीबीचा डेटा पहिल्या वेगाने आठ मिनिटांच्या आत जातो, दुसऱ्याने सव्वा तास घेतो. मोबाईलचे फोटो आपोआप जमा होणं, घरात सिनेमा बघणं, दोन-चार सीसीटीव्ही कॅमेरे यांना ११ सुद्धा पुरतात. लातुरात क्लासचे तासन्‌तास रेकॉर्डिंग साठवणाऱ्यांना आणि फोटो स्टुडिओवाल्यांना मात्र नाही पुरत. आपण कोणत्या गटात आहोत हे आधी ठरवलं तर पुढचा निर्णय सोपा जातो.

आता डेको. एम४ हे एसी१२०० वर्गातलं, ५ गिगाहर्ट्झवर ८६७ एमबीपीएसची कागदावरची जोडणी देणारं युनिट आहे, आणि आपल्या दृष्टीने त्याचं मोल एकाच गोष्टीत: प्रत्येक युनिटला दोन गिगाबिट पोर्ट. एक युनिट राऊटरजवळ, दुसरं आतल्या खोलीत, आणि दुसऱ्याच्या पोर्टात नॅस. दिसायला तसंच, नावानेही जवळचं डेको ई४ दुकानात स्वस्तात मिळतं. त्याचे पोर्ट १०० एमबीपीएसचे आहेत. नॅससाठी ते घेऊ नका. खोक्यावर ‘गिगाबिट’ हा शब्द बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

८६७ हा आकडा हवेतला. मधे एक विटांची भिंत असेल तर फाईल कॉपी करताना ३० ते ४५ एमबी प्रति सेकंद मिळाले तर जोडी नीट लागली असं समजा. एक्स२० वर हा आकडा वाढतो. एक्स५० ला १६० मेगाहर्ट्झची रुंद वाहिनी वापरता येते, त्यामुळे दोन्ही युनिटं एकमेकांना दिसत असतील तर ते गिगाबिट पोर्टच्या मर्यादेपर्यंत पोचू शकतं. शिवाय त्याला पोर्ट तीन आहेत. स्टुडिओसाठी हा जास्तीचा खर्च योग्य आहे. घरगुती फोटो-सिनेमांसाठी एम४ पुष्कळ झालं.

युनिट ठेवण्याच्या जागेवर सगळं अवलंबून आहे, आणि चूकही इथेच होते. लोक दुसरं युनिट नॅसला खेटून, लोखंडी कपाटाच्या वर किंवा मागे ठेवतात आणि मग वेग मिळत नाही म्हणून वस्तूला दोष देतात. युनिट नॅसजवळ नको, दाराजवळ हवं: जिथून पहिल्या युनिटापर्यंत मधे कमीत कमी बांधकाम येतं तिथे. मग खोलीच्या आत चार-पाच मीटरची कॅट ६ केबल भिंतीच्या कडेने नॅसपर्यंत न्या. लांब केबल टाळायची म्हणजे केबलच टाळायची असं नाही. भिंतीच्या योग्य बाजूला पडलेली पाच मीटर केबल दुप्पट वेग देऊन जाते. आरसा, फ्रीज आणि पाण्याची टाकी यांच्यापासूनही युनिट लांब ठेवा.

लातूर-धाराशिव पट्ट्यातल्या किंवा अंबाजोगाई-पैठणच्या जुन्या वाड्यांत गणित वेगळं आहे. दगड-मातीच्या दोन-अडीच फुटी भिंतीतून ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल जवळजवळ जात नाही. अशा घरात दोन युनिटं दारांच्या किंवा चौकाच्या सरळ रेषेत आली तरच उपयोग. माजघराचं दार रात्री बंद होत असेल तर बंद दाराने चाचणी घ्या. माळवदाच्या घरात भिंतीला भोक पाडण्याच्या भानगडीत तर पडूच नका, दगड निसटला की भिंत ढिली होते.

जोडणीचा क्रम असा. ओएनटीच्या गिगाबिट पोर्टातून केबल पहिल्या डेकोला. ॲपमधून दोन्ही युनिटं एकाच खोलीत जोडून घ्या, मगच दुसरं आत न्या. यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत जास्त वेळा विसरली जाणारी: ॲपच्या प्रगत सेटिंगमध्ये जाऊन ऑपरेशन मोड ‘राऊटर’वरून ‘ॲक्सेस पॉइंट’ करा. हे केलं नाही तर घरात दोन वेगळी नेटवर्क तयार होतात. डेको आपल्याकडच्या उपकरणांना १९२.१६८.६८ ने सुरू होणारे पत्ते देतो, जिओचा राऊटर १९२.१६८.२९ ने. मग ओएनटीच्या वाय-फायवर असलेल्या टीव्हीला डेकोमागचं नॅस दिसतच नाही आणि माणूस नॅसच्या सेटिंगमध्ये तासभर चूक शोधत बसतो. मोड बदलला की ओएनटीचं स्वतःचं वाय-फाय बंद करा, नाहीतर दोन्ही एकाच हवेत भांडतात.

नॅसचा पत्ता कायमचा ठरवून द्या. ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये पत्ते वाटण्याचं काम ओएनटीकडे असतं, त्यामुळे राखीव पत्ताही तिथेच नोंदवायचा. किंवा नॅसमध्येच स्थिर पत्ता भरा, पण तो ओएनटी वाटतो त्या आकड्यांच्या पट्ट्याबाहेरचा असू द्या. आपल्याकडे याची गरज जास्त आहे. लाईट जाऊन आली की कधी नॅस आधी उठतं आणि डेकोची जोडी नंतर लागते. पत्ता देणारं कुणी न सापडल्यामुळे नॅस स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेऊन बसतं आणि कुणालाच दिसत नाही.

नॅसमधलं जंबो फ्रेमचं (डेटाची पाकिटं मोठी करण्याचं) सेटिंग बंदच असू द्या. हवेतून किंवा विजेच्या तारेतून जाणाऱ्या मार्गावर १५०० चा एमटीयू (एका पाकिटाचा कमाल आकार) बदलला की लहान फायली जातात आणि मोठ्या मधेच अडकतात. अशी चूक शोधायला फार वेळ जातो.

वेग मोजायला इंटरनेटची स्पीड टेस्ट निरुपयोगी, ती फक्त बाहेरची लाईन मोजते. ४ जीबीची एकच फाईल नॅसवर टाका आणि घड्याळ लावा. १०० सेकंद लागले तर वेग ४० एमबी प्रति सेकंद. सहा मिनिटांच्या आसपास लागली तर कुठेतरी १०० एमबीपीएसची गाठ बसली आहे. नॅसच्या नेटवर्क पानावर जोडणी ‘१००० एमबीपीएस, फुल डुप्लेक्स’ दिसते का ते बघा. १०० दिसत असेल तर नव्वद टक्के संशय केबलवर घ्यावा: गिगाबिटला आठही तारा लागतात, आणि हाताने क्रिंप केलेल्या केबलमध्ये अनेकदा चारच नीट बसलेल्या असतात. एक-दोन मीटरची तयार कॅट ६ पॅचकॉर्ड लावून बघा.

लॅपटॉप वाय-फायवर ठेवून कॉपी केली तर वेग निम्मा पडलेला दिसेल. त्यात डेकोचा दोष नाही. लॅपटॉप ते पहिलं युनिट आणि पहिलं ते दुसरं, अशा दोन उड्या एकाच ५ गिगाहर्ट्झच्या हवेतून होतात आणि वेळ वाटून घेतात. यावरची तोड फारच चांगली आहे: कामाचा संगणक त्याच आतल्या खोलीत असेल तर तो आणि नॅस दोघांनाही दुसऱ्या युनिटाच्या दोन पोर्टांत केबलने जोडा. मग त्या दोघांमधला डेटा हवेत जातच नाही, पूर्ण गिगाबिटने धावतो. हवेतून फक्त इंटरनेट येतं. पोर्ट कमी पडले तर पाच पोर्टचा साधा गिगाबिट स्विच लावा. स्टुडिओवाल्यांनी तर हीच रचना करावी. मग एम४ सुद्धा चालतो.

पॉवरलाइनकडे वळू. कल्पना सुंदर आहे: एक अडॅप्टर राऊटरजवळच्या सॉकेटात, दुसरा नॅसजवळ, आणि डेटा घराच्या विजेच्या तारेतून. दगडी भिंतीचा त्याला अडथळा नाही. टीपी-लिंकचा टीएल-पीए४०१० ‘एव्ही६००’ नावाने मिळतो, पण त्याचा पोर्ट १०० एमबीपीएसचा, म्हणजे सहाशेचा आकडा कधीच बाहेर येत नाही. घ्यायचाच तर गिगाबिट पोर्टचा एव्ही१००० वर्गातला टीएल-पीए७०१७ घ्या. त्यातूनही हजार अपेक्षू नका. एकाच सर्किटवर प्रत्यक्षात शंभर ते अडीचशे एमबीपीएस मिळाले तरी ती चांगली जोडणी म्हणायची.

अडचण आपल्या वायरिंगची. थ्री-फेज मीटर असलेल्या घरात हॉल एका फेजवर आणि आतली खोली दुसऱ्या फेजवर असेल तर सिग्नल अगदी क्षीण होतो किंवा जोडणी लागतच नाही. वायरमनला विचारा, दोन्ही सॉकेट एकाच फेजवर आहेत का. इन्व्हर्टरची लाईन वेगळी ओढलेली असते; एक अडॅप्टर तिच्यावर आणि दुसरा थेट लाईनवर, अशी जोडी भरवशाची नाही. स्पाईक गार्डच्या एक्स्टेंशनवर किंवा यूपीएसवर अडॅप्टर लावला तर आतला फिल्टर सिग्नलच गिळतो, तो थेट भिंतीच्या सॉकेटातच हवा. मिक्सर, पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, स्वस्त एलईडी बल्ब आणि चार्जर तारेत गोंगाट करतात. म्हणून सकाळी स्वयंपाकाच्या वेळी आणि रात्री अशा दोन चाचण्या घ्या.

वरच्या वर्गातले अडॅप्टर अर्थिंगची तारही वापरतात. काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगा पडतात, अर्थिंगचा खड्डा कोरडा होतो आणि अर्थिंग कमजोर पडतं. खड्ड्यात अधूनमधून पाणी घालायलाच हवं. ते अडॅप्टरपेक्षा घरातल्या माणसांसाठी जास्त गरजेचं आहे.

जोडणीत विशेष काही नाही: एकाचं पेअर बटण दाबा, दोन मिनिटांच्या आत दुसऱ्याचं. हे बटण दाबणं टाळू नका, त्यानेच जोडीला स्वतःची एन्क्रिप्शनची किल्ली मिळते. टीपीपीएलसी नावाच्या मोफत ॲपमध्ये दिसणारा वेग तारेवरचा असतो. फाईलच्या वाट्याला त्याच्या निम्म्याहून कमीच येतो. दुकानदाराशी परत करण्याचं आधी बोलून ठेवा, कारण एखाद्या घरात पॉवरलाइन चालेल की नाही हे लावून बघितल्याशिवाय कुणीच सांगू शकत नाही.

लाईट गेल्यावर दोन्ही पर्यायांतला फरक उघड होतो. डेको आणि ओएनटी छोट्या डीसी यूपीएसवर चालू राहतात. डेको-ओएनटीच्या अडॅप्टरवर छापलेले व्होल्ट जुळवा आणि यूपीएसचे अँपिअर तेवढे किंवा जास्त घ्या. पॉवरलाइन त्याच क्षणी बंद पडते. नॅसला मात्र दोन्ही पर्यायांत यूएसबी डेटा पोर्ट असलेला यूपीएस द्या, म्हणजे बॅटरी संपत आली की ते स्वतःहून नीट बंद होतं. मधेच वीज तुटून बिघडलेली फाईल सिस्टीम कितीही चांगल्या नेटवर्कने परत येत नाही.

नॅस घरात आणि राऊटर अंगणापलीकडच्या दुसऱ्या इमारतीत, किंवा शेतातल्या घरी असेल तर यातलं काहीच घेऊ नका. तिथे समोरासमोर लावायची, हवेतून डेटा नेणाऱ्या बाहेरच्या युनिटांची जोडी हवी. टीपी-लिंकच्या अशा सीपीई५१० चा पोर्ट १०० एमबीपीएसचा आहे, कॅमेऱ्यांना तो पुरतो. नॅससाठी गिगाबिट पोर्टचं सीपीई७१० घ्या. दोन इमारतींमध्ये तांब्याची केबल मुळीच ओढू नका. वळिवाच्या पावसात जवळपास वीज पडली तर त्या केबलमधून झटका थेट नॅसच्या पोर्टात येतो. आभाळ भरून आलं की, वीज कडाडू लागण्याआधीच, बाहेरच्या युनिटाचा अडॅप्टर सॉकेटातून काढा आणि घरात येणारी त्याची केबलही स्विचपासून सोडवून ठेवा.