जुन्या जीपचं मीटर मनापासून जुळवणारे अशोक चौकातले काका

जुन्या जीपचं क्राउन-पिनियन (इंजिनाची फिरकी चाकांकडे वळवणारी ॲक्सलमधली दात्यांच्या चाकांची जोडी) बदललं की वेगाच्या मीटरचं काय करायचं, असं सोलापुरात कुणीही विचारलं की मी अशोक चौकाजवळच्या गल्लीतलं मीटर दुरुस्तीचं दुकान सांगतो. दुकान एवढंसं, समोर एक गाडी उभी राहिली की रस्ता भरला. पण काम अस्सल.

माझी महिंद्राची फोर-बाय-फोर. मूळ क्राउन 8 ला 43 दात्यांचं, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला आधीच्या दांड्याचे 5.38 फेरे. पुण्याच्या हायवेला इंजिन फार ओरडायचं म्हणून पुढच्या-मागच्या दोन्ही ॲक्सलमध्ये 8 ला 39, म्हणजे 4.88 बसवलं. गाडी मोकळी पळायला लागली, पण मीटर मागे पडलं. या जीपची मीटरला फिरवणारी स्पीडो केबल ट्रान्सफर केसमधून (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या पेटीतून) निघते, क्राउनच्या अलीकडून. पुढे चाकं किती फिरतात याचा तिला पत्ताच नसतो. काटा 60 वर आणि फोनचं जीपीएस 66 वर, असा दहा टक्क्यांचा फरक. मीटर थोडं जास्त दाखवत असेल तर एक वेळ चालतं, कमी दाखवणारं मीटर धोक्याचं. शिवाय किलोमीटरही कमी पडतात. 110 पळालेली गाडी 100 च दाखवते, त्यामुळे ॲव्हरेज पडल्यासारखं वाटतं आणि ऑइल बदलायलाही उशीर होतो.

क्राउन बसवणाऱ्या गॅरेजमध्ये विचारलं तर "काटा थोडा पुढं सरकवून घ्या" एवढंच उत्तर मिळालं. या दुकानातल्या काकांनी मात्र मीटर उघडायच्या आधीच सांगितलं, "काटा आत्ता जुळवून देतो की मालक, पण किलोमीटर खोटंच पडत राहणार. चालंल का?"

त्यांनी उघडून दाखवलं तेव्हा मुद्दा लख्ख कळला. केबलवर फिरणारं लोहचुंबक ॲल्युमिनियमच्या वाटीला ओढतं, केसासारखी स्प्रिंग तिला धरून ठेवते आणि त्या ओढाताणीत काटा एका जागी ठरतो. चुंबकाचा जोर नाहीतर स्प्रिंगचा ताण बदलला की काटा जुळतो. किलोमीटरचे आकडे मात्र केबलवरून थेट दात्यांनी फिरतात, चुंबकाशी त्यांचा काही संबंध नाही. म्हणून दुरुस्ती मीटरच्या आधी, केबलवरच व्हायला हवी.

मग मोजणी. टायरमध्ये हवा बरोबर भरून घेतली, रस्त्यावर टेपने 20 मीटर मोजून खडूच्या दोन रेघा मारल्या. केबलचं टोक मीटरमधून सोडवून त्याला कागदाची चिंधी लावली. पोरगा जीप ढकलतोय आणि काका चिंधीवर नजर ठेवून ओठातल्या ओठात फेरे मोजतायत. आलेल्या आकड्याला 50 ने गुणलं की एका किलोमीटरचे फेरे मिळतात. ते मीटरला लागणाऱ्या फेऱ्यांशी ताडून पाहिले. मध्येच कुणीतरी रिक्षा आडवी घातली, तर काकांनी पहिल्यापासून पुन्हा मोजलं. अंदाजाने आकडा धरला नाही, हे मला फार आवडलं.

उपाय म्हणून जुन्या मीटरांच्या सुट्या भागांतून त्यांनी केबलच्या वाटेत बसणारी गिअरची छोटी डबी जुळवली. 22 दात्यांचं चाक 20 दात्यांच्या चाकाला फिरवतं, मध्ये एक तिसरं चाक. ते तिसरं कशाला, तर दोनच चाकं ठेवली तर दिशा उलटते आणि काटा शून्याच्या खाली जायला बघतो. काट्याची किरकोळ चूक राहिली ती शेवटी स्प्रिंगवर काढली.

तुळजापूर रोडला किलोमीटरच्या दगडांवर ताडून पाहिलं. आकडा दगडाला दगड जुळत गेला. 40, 60, 80 ला काटा जीपीएसच्या बरोबर. केबलची घरघरही गेली, कारण बसवताना त्यांनी तीव्र वळण काढून ती सरळ नेली आणि आतून ग्रीस दिलं.

उणी बाजू म्हणजे वेळ. हातातलं काम संपल्याशिवाय काका दुसऱ्या गाडीकडे बघत नाहीत आणि फोनवर तारीख देत नाहीत. छापील बिलही मिळालं नाही, वहीच्या कागदावर लिहून दिलं. डबी आणि मजुरी मिळून दीड हजार घेतले, मला ते रास्त वाटले. चाकावरच्या सेन्सरवरून वेग घेणाऱ्या नव्या गाड्यांना क्राउन बदलल्याने फरक पडत नाही, असं ते स्वतःच सांगून गिऱ्हाईक परत पाठवतात.

जायचं तर सकाळी दुकान उघडताच जा. जुन्या-नव्या क्राउन-पिनियनचे दाते कागदावर लिहून न्या आणि टायर बदलायचे असतील तर आधी बदला, कारण टायरचा घेर बदलला की सगळी मोजणी पुन्हा करावी लागते.