मॉन्स्टर मॅश की ब्लेंडर?

मैत्रीण विचारत होती, मुलाने काढलेला राक्षस थ्रीडीत हलवायचाय, मॉन्स्टर मॅश हे चित्र फुगवून थ्रीडी करणारं छोटं टूल वापरू की सरळ ब्लेंडर हे थ्रीडी अ‍ॅनिमेशनचं मोठं सॉफ्टवेअर शिकू? पैशाचा प्रश्नच नाही, दोन्ही फुकट आणि ओपन सोर्स, म्हणजे कोडही सगळ्यांना खुला.

मेहनतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक. २०२० मध्ये आलेलं मॉन्स्टर मॅश ब्राउझरमध्येच चालतं, इन्स्टॉल काही नको, चित्र खाली ठेवायचं, पोट, पाय, शेपूट एकेक करून वरून गिरवायचं की सगळं फुग्यासारखं फुगतं, मग पिना लावून ओढायचं, जसं ओढाल तशी हालचाल रेकॉर्ड होऊन लूपमध्ये फिरत राहते. हाडंबिडं बसवायची भानगडच नाही. आणि पायावर डबल क्लिक केलं की पलीकडचा पाय आपोआप तयार, हे मला जाम आवडतं.

पण येतं ते सगळं गोलमटोल! घर, गाडी, धारदार कडा विसरा. लायटिंग, कॅमेऱ्याचे शॉट वगैरेही नाही.

ब्लेंडरमध्ये चित्र रेफरन्सला लावून मेश, म्हणजे थ्रीडी जाळीचा आकार बनवा, मग आर्मेचर, म्हणजे आतला हाडांचा सांगाडा, मग कुठल्या हाडाने कुठला भाग किती हलेल ते ठरवणारं वेट पेंटिंग, सुरुवातीला डोकं आउट होतंच. पण एकदा हा सांगाडा बसवून रिग झालं की तोच राक्षस हव्या तितक्या सीनमध्ये नाचवा. टूडीच ठेवायचं तर ब्लेंडरमधलंच चित्र काढायचं टूल, ग्रीस पेन्सिल आहेच.

पोराला संध्याकाळपर्यंत राक्षस नाचताना दाखवायचाय तर मॉन्स्टर मॅश. शॉर्ट फिल्म किंवा गेम करायचाय, पुढे यातच काम शोधायचंय, तर ब्लेंडर. अधलंमधलं हवं असेल तर मॉडेल मॉन्स्टर मॅशमध्ये फुगवून त्याची ओबीजे (थ्रीडी मॉडेलची) फाइल ब्लेंडरमध्ये न्या, रंगरंगोटी तिकडे.