बोर्डावर ‘अस्सल’, ताटात अस्सल बरहुकूम नक्कल

हिंगणघाट रोडवर नवीन ढाबा झालाय, नाव नाही लिहित कारण मालकाशी आता ओळख झाली अन् परत जायचंच आहे. बोर्डावर ‘अस्सल सावजी’ एवढं मोठं की ढाब्याचं नाव त्याच्या खाली शोधा लागते.

आम्ही चौघं होतो, सोबत बाबा. बाबा रिटायर्ड पटवारी, त्यामुळं अस्सल हा शब्द दिसला की त्यांना जेवण नाही, रेकॉर्ड रूम आठवते. पाटोडी रस्स्याचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांच्या रस्स्याचा, पहिला घास घेतला अन् म्हणे, चांगला आहे, पण हा अस्सल नाही, अस्सल बरहुकूम नक्कल आहे. ज्यांनी जुन्या सातबाऱ्याच्या नकला काढल्या त्यांना माहीत असेल, खाली हेच लिहून येते, म्हणजे मूळ कागद जसा तशीच ही प्रत. अस्सल मूळचा अरबीतला शब्द, अर्थच ‘मूळ’. ते मूळ दप्तरात राहते, आपल्या हाती नक्कलच येते, पण त्या नकलेवर बँक कर्ज देते न बाप्पा.

अन् खरंच तसंच निघालं. मालकाला विचारलं, भाऊ तुम्ही सावजी का? तर म्हणे नाही काकाजी, मी इकडचाच, नागपूरला सावजी भोजनालयात 6 वर्षं कढईवर होतो. सावजी म्हणजे नागपूरच्या हलबा कोष्टी, विणकर लोकांच्या घरचं जेवण. जुने लोक जवसाच्या तेलात करायचे, इथं सोयाबीन तेल, तो वास नाहीच. पण मसाला जळजळीत नुसता नाही, दगडफूल कळते, काळी मिरी घशात मागून येते, तर्री वाटीच्या काठाला चिकटून राहते. पाटोडी फुटत नाही. हळद वायगावची म्हणून सांगत होता, आपल्या समुद्रपूर तालुक्यातली, 2016 ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, भेटलेली. रंग पाहून पटलं, डब्बा काही पाहिला नाही. ज्वारीची भाकर गरम गरम, एकामागून एक, मागा लागली नाही. पाटोडीला मी 5 पैकी 4 देतो, बोर्ड काहीही म्हणो.

आता भांडण. मेनूवर ‘गावरान कोंबडी’ 380 रुपये. ऑर्डर दिली अन् 20 मिनिटांत टेबलावर! अरे गावरान कोंबडा शिजाले तास-दीड तास घेते, शिट्ट्यांवर शिट्ट्या, तरी दातात अडकते, अन् इथं हाड बोटानं मोडून राहिलं. अस्सलवर वाद घालता येते, मूळ कोणतं, कोणाच्या घरचं, सावजीच्याच दोन घरची चव एक नसते. गावरानचं तसं नाही, ते दातालाच समजते. मालकाला म्हटलं तर आधी हसला, मग म्हणे आज गावरान भेटली नाही. मग तसं सांगायचं न भाऊ, बॉयलरचा रेट लावायचा, आम्ही खाल्लीच असती. पाटोडीसाठी जा, कोंबडीसाठी नका जाऊ, अन् गेलेच तर आधी जिवंत दाखव म्हणा.

बिल 1140 झालं. पावती मागितली तर वहीचं पान फाडून आकडा लिहून दिला. बाबांनी उलटंपालटं करून पाहिलं अन् परत त्याच्यापुढं ठेवलं, म्हणे सही तरी कर बावा.