गळा सोन्याचा, मधलं बोलणं आवरा : एका खंजेरी भजन मंडळाचा कार्यक्रम

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची पुण्यतिथी जवळ आली की गावोगावी एकच खल सुरू होतो, यंदा भजनाला कोणाला बोलवायचं? अमरावती-वर्धा पट्ट्यात हल्ली बहुतेकांच्या तोंडी एकाच मंडळाचं नाव असतं. ते इथे घेत नाही. ज्यांनी ऐकलंय ते पुढच्या चार ओळींतच ओळखतील. गळ्याला आणि तालाला पैकीच्या पैकी गुण. दोन भजनांच्या मधे मुख्य गायक जे बोलतात त्याला मात्र पास होण्याइतकेही गुण देता येत नाहीत. हे लिहिताना जीव तुटतो, कारण या तोडीचा खंजेरी गायक या भागात आज दुसरा सहज सापडत नाही.

संच अकरा जणांचा. मुख्य गायक, पेटी, ढोलक, दोन खंजेऱ्या, एक टाळ आणि मागून ओळ उचलणारे पाच झीलकरी. भगव्या टोप्या, पांढरे सदरे, वेळेवर हजर. पेटी काळी चारला लागते. एवढ्या उंच सुरात बहुतेक गायक तासाभरात चिरकायला लागतात. हे दादा दीड तास त्याच पट्टीत गातात आणि मग पेटीवाल्याला नुसता डोळ्यानं इशारा करून काळी दोनवर उतरतात. ऐकणाऱ्याला पट्टी बदललेली कळतसुद्धा नाही.

खंजेरीची तयारी तर शिकण्यासारखी आहे. पूर्वी खंजेरीला घोरपडीचं कातडं चढवत. वन्यजीव कायद्यानं आता त्याला बंदी आहे, म्हणून बकरीचं कातडं किंवा फायबरचं पान वापरतात. कातड्याचा आवाज गोल आणि भरदार येतो, पण ऑक्टोबरात रात्री दहिवर पडायला लागलं की ते सैल पडतं आणि खंजेरी बसल्यासारखी 'भद्द' वाजते. हे मंडळ दोन्ही प्रकार सोबत आणतं. सुरुवात कातड्याच्या खंजेरीवर. हवेत ओल आली की ती शेकोटीपासून हातभर अंतरावर ठेवतात आणि तेवढ्या वेळात फायबरची काढतात. कातडं आगीच्या फार जवळ धरलं तर कडेपाशी तडकतं, त्यासाठी एक झीलकरी कायम लक्ष ठेवून असतो.

महाराजांचं कोणतंही संथ भजन ते केरवा तालात धरतात. दोन अंतऱ्यांनंतर दुगुन, म्हणजे दुप्पट लय, खंजेरीच्या चकत्यांचा नुसता पाऊस पडतो, आणि शेवटच्या ओळीला दोन्ही खंजेऱ्या एकदम थांबतात. ढोलकही थांबतो. पाच झीलकऱ्यांचा एकच सूर उरतो आणि त्यावर दादा ती ओळ बोलल्यासारखी गातात, एकेक अक्षर सुटं. सतरंजीवरचं लहान लेकरूही त्या वेळी चुळबूळ करत नाही. मग अंगठ्यानं पानावर घासून काढलेली एक लांब घुमक येते आणि सम. हे ऐकायला वीस-पंचवीस किलोमीटर गाडी हाणत जावं, असंच आहे.

आणि त्यानंतर ते बोलायला लागतात.

पोरीच्या हातात मोबाईल दिला की घर बुडालं, हा एक ठरलेला विषय. शिकलेली सून सासूला विचारत नाही, हा दुसरा. तिसरा सगळ्यात घातक: अमुक गावात साप चावलेल्या माणसाला देवळात निजवला, अंगारा लावला आणि तो सकाळी उठून वावरात गेला. हे सगळं महाराजांच्या ग्रामगीतेच्या ओव्यांच्या मधोमध. ग्रामगीतेच्या ४१ अध्यायांत महिलोन्नतीवर एक अख्खा अध्याय आहे आणि संतांच्या नावावर खपवल्या जाणाऱ्या चमत्कारांवरही आहे. ज्या पुस्तकातून गातात त्याच पुस्तकाच्या उलट बोलतात, आणि समोरची मंडळी दोन्ही एकाच श्रद्धेनं ऐकून घेतात.

गळा वेगळा, विचार वेगळा, आपण गाण्यापुरतं घ्यावं, असं पुष्कळ जण म्हणतात. नाट्यगीताच्या किंवा लावणीच्या गायकाबद्दल ते चालून जाईल. खंजेरी भजनात चालत नाही. हा प्रकारच लोकांना सांगण्यासाठी उभा राहिला. १९४२ साली चिमूरचे लोक उठले त्यामागे महाराजांच्या भजनांची चेतना होती, आणि त्याच वर्षी इंग्रजांनी महाराजांना तुरुंगात टाकलं. गाडगेबाबांचं कीर्तन तर सगळं सवाल-जवाबावरच चाले. आजही सत्यपाल महाराज सात खंजेऱ्या वाजवून व्यसन आणि अंधश्रद्धेवरच बोलतात. विदर्भातला माणूस खंजेरी ऐकली की कान देतो, ते यामुळे. त्या विश्वासावर अंगाऱ्याची गोष्ट सांगणं म्हणजे तो विश्वास चुकीच्या कामी लावणं.

सापाच्या गोष्टीबद्दल थोडं सविस्तर, कारण पुण्यतिथी आणि सोयाबीनची सवंगणी एकाच वेळी येते आणि गंजीखाली हात घालणारे लोकच समोर बसलेले असतात. आपल्याकडचे बरेचसे साप बिनविषारी आहेत. विषारी सापही दर वेळी पुरतं विष सोडतोच असं नाही. म्हणून अंगारा लावलेल्यांपैकी काही जण आपोआप बरे होतात आणि गोष्ट तयार होते. मण्यार चावली तर दुखत नाही, सूजही फारशी येत नाही. काही तासांनी पापण्या जड होतात, मग श्वास अडकतो. तोपर्यंत माणूस देवळात निजलेला असेल तर हातचा गेला. दोर आवळून बांधू नये, चीर देऊ नये, त्याला चालवू नये. चावलेला हात-पाय हलणार नाही असा ठेवून थेट ग्रामीण रुग्णालय गाठावं, गाडी नसेल तर १०८ ला फोन. सापाच्या विषावरचं इंजेक्शन सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. कार्यक्रमात ती गोष्ट निघालीच तर आयोजकांपैकी कोणीतरी माईक हातात घेऊन एवढं सांगावंच. दादांचा अपमान होईल म्हणून गप्प बसू नये.

दुसरी खटकणारी गोष्ट महिला भजन मंडळाची. गावच्या बायांना शेवटची वीस मिनिटं देतो असं ते सांगतात. भोंगा रात्री दहाला बंद करावा लागतो, आणि दादांचं बोलणं लांबलं की त्या वीस मिनिटांतली उरतात पाच, कधी तीही नाही. महिनाभर तालीम केलेल्या बाया माईकशिवाय एक भजन म्हणून उठतात. यावर इलाज सोपा आहे. सहाच्या सुमारास सामुदायिक प्रार्थना, लगेच महिला मंडळाचा अर्धा तास, आणि सातला या संचानं बसायचं. जेवणं आधी उरकून नऊला सुरू करायची आपली जुनी सवय असेल तर हा संच बोलवूच नये, तासाभरात काही हाती लागत नाही.

मानधन पंधरा हजार आणि गाडीचं डिझेल, तीन हजार आगाऊ. या दर्जाला ते जास्त नाही. फोनवर ठरवताना भजनांची यादी मागून घ्यावी, नाहीतर अर्धा वेळ सिनेमाच्या चालीवरची गाणी निघतात. त्यांना येतात उत्तम, पण त्यासाठी बँडवाले आहेत.

आवाजाची व्यवस्था मात्र आपल्याकडे लागते आणि बहुतेक गावं तिथेच चुकतात. डेकोरेशनवाला मशीनवर एको वाढवून ठेवतो. एको म्हटलं की ओवीचा प्रत्येक शब्द पुढच्यावर चढतो आणि काहीच कळत नाही. तो पूर्ण बंद करायला लावावा. माईक चार हवेत: गायकाला एक, झीलकऱ्यांमधे एक, पेटीला एक, आणि दोन खंजेऱ्यांमधे मिळून एक. खंजेरीचा माईक वीतभर लांब आणि थोडा खाली, नाहीतर चकत्या कानात टोचतात. बॉक्स गायकाच्या मागे ठेवला की शिट्टी मारतो, तो पुढेच हवा. लाइट गेल्यावर लागणारं जनरेटर मांडवाच्या मागच्या गल्लीत असावं.

बोलण्याबद्दल आधी विनंती केली तर दादा हो म्हणतात. पहिला तास पाळतातही. गर्दी जमली, टाळ्या पडल्या की पुन्हा तिकडेच वळतात. उपयोग होतो तो पेटीवाल्याचा. माणूस समजूतदार आहे. यादीची एक प्रत त्याच्याकडे द्यावी आणि सांगावं, दोन मिनिटांवर गेलं की पुढच्या भजनाचा सूर धरा. तो धरतो. सूर कानावर पडला की दादा बोलणं अर्धवट सोडून गायला लागतात, आणि त्या क्षणाला पुन्हा तेच होतं: बाया पदर सावरून नीट बसतात, वट्ट्यावरची पोरं मोबाईल खिशात टाकतात, आणि पहिलीच ओळ अशी लागते की झालेलं बोलणं विसरावंसं वाटतं. विसरू मात्र नये. कार्यक्रम संपल्यावर पाकीट देताना त्यांना बाजूला घेऊन सांगावं, "दादा, भजन लय भारी झालं, सापाची गोष्ट पुढच्या वर्षी नको." पुढच्या वर्षीची तारीख त्याच बोलण्यावर ठरवावी.