जुन्या भिंतीतील ओल: विद्युत मीटर, बंद चुंबक की उघडे चुंबक?

मुंबईच्या फोर्ट भागातील एखाद्या जुन्या दगडी इमारतीची दुरुस्ती हाती घेण्याआधी भिंतीत ओल किती आणि किती खोलवर आहे, हे कळणे आवश्यक असते. त्यासाठी हातात धरायचा विद्युत मीटर, भिंतीतून काढलेला नमुना प्रयोगशाळेतील बंद चुंबकात घालून केलेली एनएमआर (चुंबकीय क्षेत्रातील अणुकेंद्रांचा रेडिओ लहरींना मिळणारा प्रतिसाद टिपणारी) तपासणी, आणि भिंतीलाच टेकवता येणारा एकतर्फी एनएमआर संवेदक, म्हणजेच उघडे चुंबक, असे तीन पर्याय आहेत.

विद्युत मीटर स्वस्त आहे आणि क्षणात आकडा देतो. परंतु तो पाणी थेट मोजत नाही, तर भिंतीची वाहकता (वीज वाहू देण्याची क्षमता) किंवा धारकता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) मोजतो. समुद्राच्या खाऱ्या हवेतील भिंतींना लोणा लागतो, आणि त्या क्षारांमुळे मीटरचा आकडा फुगू शकतो. ओलीचा भाग हुडकण्यापुरता तो वापरावा. त्यावरून खर्चाचे अंदाजपत्रक करणे मला धोक्याचे वाटते.

एनएमआर मात्र पाण्यातील हायड्रोजनच्या अणुकेंद्रांचा संकेत टिपते, त्यामुळे क्षारांचा घोळ बराच कमी होतो. बंद चुंबकात क्षेत्र एकसमान असल्याने संकेत स्वच्छ मिळतो, पण त्यासाठी वारसा इमारतीच्या दर्शनी दगडाला भोक पाडावे लागते, आणि ड्रिलच्या उष्णतेने नमुन्यातील काही पाणी वाटेतच उडते.

उघड्या चुंबकाचा विचार याच्या उलट दिशेने केलेला आहे. जर्मनीतील आखेन येथे बर्नहार्ड ब्ल्यूमिश यांच्या गटाने 1996 मध्ये मांडलेल्या ‘एनएमआर-माउस’मध्ये क्षेत्र चुंबकाबाहेर, वस्तूच्या आत पोहोचते. ते साधारण अर्ध्या टेस्लाचे (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) असेल, तर हायड्रोजन ज्या रेडिओ वारंवारतेला प्रतिसाद देतो, ती सुमारे 21 मेगाहर्ट्झ येते. अंतराबरोबर क्षेत्र झपाट्याने घटत असल्याने रासायनिक वर्णपट, म्हणजे कोणते रेणू आहेत हे ओळखू देणारा तपशील, सहसा पुसला जातो. मात्र त्याच घटीमुळे ठरावीक वारंवारतेला एका पातळ थरातूनच प्रतिसाद येतो, आणि संवेदक मागे-पुढे सरकवून थरागणिक ओलीचा आलेख काढता येतो. दगड न फोडता ओलीचे खोलीनुसार वाटप दिसणे, हे या पद्धतीचे खरे बळ आहे.

तिच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. पोहोच काही मिलिमीटरपासून फार तर दोन-अडीच सेंटिमीटरपर्यंत असते, संकेत टिपणाऱ्या उघड्या कॉइलमध्ये (तारेच्या वेटोळ्यात) बाहेरचा रेडिओ गोंगाट शिरतो, आणि संकेत क्षीण असल्याने मोजमाप अनेकदा घेऊन सरासरी काढावी लागते. काळ्या बेसाल्टमधील चुंबकीय खनिजांमुळे संकेत लवकर विरतो. पोरबंदरी चुनखडीत ही अडचण कमी असते. जवळ लोखंडी सळई असेल, तर क्षेत्रच विस्कटते.

म्हणून चुन्याच्या गिलाव्यावर, रंगविलेल्या पृष्ठभागावर किंवा कोरीव चुनखडीवर उघडे चुंबक निवडावे, आणि त्याच प्रकारच्या पूर्ण कोरड्या व पूर्ण भिजलेल्या तुकड्यांवर ते आधी प्रमाणित करून घ्यावे. जाड बेसाल्टच्या गाभ्यातील ओल जाणून घ्यायची असेल, तर न दिसणाऱ्या कोपऱ्यातून सावकाश ड्रिल करून चुरा काढावा, तो हवाबंद डबीत न्यावा आणि सुकवण्यापूर्वी व नंतर त्याचे वजन करावे.